दोन मिरवणुका : मिलेजव्हिलचे कॉलेज, गाव आणि फ्लॅनरी ओ'कॉनर

कॅथलिक लेखकाची कथा म्हटली की आपल्यापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. तीत एक प्रेमळ फादर असावेत, संकटात सापडलेले एक कुटुंब असावे, जपमाळेच्या प्रार्थनेने त्या कुटुंबाचा भार हलका व्हावा आणि घर सोडून गेलेला मुलगा अखेरीस नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला चर्चच्या दारात उभा दिसावा. अशा कथा आम्हीही आवडीने वाचल्या आहेत आणि त्या वाचून डोळे पुसले आहेत. परंतु विसाव्या शतकातील श्रेष्ठ कॅथलिक कथाकारांत जिची गणना होते, त्या फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकांत असे काही शोधू जाणाऱ्या वाचकाची निराशाच होते. तिच्या एका कथेत बायबल विकणारा भामटा तत्त्वज्ञान शिकलेल्या तरुणीचा लाकडी पाय घेऊन पसार होतो. दुसऱ्या कथेत निर्वासित म्हणून आलेला कष्टाळू माणूस ट्रॅक्टरखाली चिरडला जातो. तिसऱ्या कथेत एक कॉलेजकन्यका डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात एका सभ्य, देवभीरू बाईच्या तोंडावर पुस्तक फेकून मारते. तिची बहुतेक पात्रे कॅथलिकदेखील नाहीत. मग या लेखिकेला कॅथलिक कोणत्या अर्थाने म्हणावयाचे, आणि आपल्या कुटुंबांनी तिला का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही प्रस्तुत लेखात तिच्या गावाची आणि त्या गावातील कॉलेजची वाट धरणार आहोत. ओ'कॉनरच्या कथांचे मर्म तिच्या गावाच्या रचनेत दडलेले आहे, असे आमचे मत आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात ओकोनी नदीच्या काठी मिलेजव्हिल नावाचे एक लहान शहर आहे. २०२० च्या शिरगणतीनुसार तेथील वस्ती सुमारे १७ हजार. परंतु हे गाव आपोआप वाढलेले नाही. राज्याची राजधानी म्हणून १८०३ मध्ये ते मुद्दाम आखण्यात आले आणि १८०७ पासून १८६८ पर्यंत जॉर्जियाचा कारभार तेथून चालला. राजधानीला जे जे लागते ते तेथे उभे राहिले : विधिमंडळाची इमारत, १८३९ मध्ये पूर्ण झालेला राज्यपालांचा खांबांचा प्रासाद, राज्याचा तुरुंग आणि १८४२ मध्ये उघडलेले वेड्यांचे इस्पितळ. या वैभवामागे गुलामांचे श्रम होते, हे सांगावयास नको. जानेवारी १८६१ मध्ये याच गावात भरलेल्या परिषदेने अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याचा निर्णय घेतला. नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनचे सैन्य येथे येऊन थडकले. सैनिकांनी विधिमंडळात बसून लुटुपुटीची सभा भरवली आणि तो निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले. पुढे राजधानी अटलांटाला गेली. गावात उरली ती राजधानीची टरफले आणि तिच्या आठवणी.

कॉलेज आले ते या टरफलांत. १८८९ साली मुलींना अध्यापनाचे व हस्तव्यवसायांचे शिक्षण देण्यासाठी राज्याने ही संस्था स्थापन केली आणि जुन्या तुरुंगाच्या चौकातच तिचे आवार वसवले. लाल विटांच्या, पांढऱ्या खांबांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि राज्यपालांचा प्रासाद कॉलेजच्या अध्यक्षांचे निवासस्थान झाला. जेथे कैदी राबत होते तेथे भावी शिक्षिका पाठ घोकू लागल्या. १९२२ मध्ये ती 'जॉर्जिया स्टेट कॉलेज फॉर विमेन' झाली. १९६७ मध्ये मुलांनाही प्रवेश मिळू लागला आणि १९९६ पासून ती जॉर्जिया कॉलेज अँड स्टेट युनिव्हर्सिटी या नावाने ओळखली जाते. ओ'कॉनर तेथे शिकत होती त्या काळी कॉलेजची दारे केवळ गोऱ्या मुलींना उघडी होती. काळ्या स्त्रिया आवारात येत असत त्या झाडलोट करण्यासाठी आणि स्वयंपाकघरात राबण्यासाठी.

राजप्रासाद, तुरुंग, वेड्यांचे इस्पितळ आणि कन्याशाळा अशी ही चौकट ध्यानात ठेवावी. अशा गावात कोण कोठे उभे राहील हे आधीच ठरलेले असते. कोण पुढच्या दाराने येईल व कोण मागच्या, कोणाला 'मिस्टर' म्हणावयाचे व कोणाला नुसत्या नावाने हाक मारावयाची, याची प्रत्येकाला बालपणापासून तालीम मिळते. गावाचे सारे जीवन ही जणू एक मिरवणूक असते आणि तीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ओ'कॉनरच्या कथांत मिरवणुका पुन्हा पुन्हा येतात ते उगाच नव्हे.

मेरी फ्लॅनरी ओ'कॉनर हिचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी, म्हणजे देवदूताने पवित्र मरियेला दिलेल्या निरोपाच्या सणादिवशी, सव्हाना येथे झाला. आईचे माहेर मिलेजव्हिलचे. प्रॉटेस्टंटांच्या त्या गावात कॅथलिक घरे बोटांवर मोजण्याइतकी. परंतु लेखिकेचे आजोळ त्यांतील मानाचे होते. गावातील येशूच्या पवित्र हृदयाचे चर्च १८७४ मध्ये बांधले गेले ते तिच्या पणजीने दिलेल्या जागेवर. १९३८ मध्ये हे कुटुंब मिलेजव्हिलला आले. १९४१ मध्ये वडील ल्युपस या व्याधीने वारले आणि पुढल्याच वर्षी मुलीने घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या कॉलेजात नाव घातले. तीन वर्षांत, १९४५ मध्ये, ती पदवीधर झाली. कॉलेजच्या वाङ्मयीन नियतकालिकाची ती संपादिका होती. परंतु मैत्रिणींना ती ठाऊक होती व्यंगचित्रांमुळे. महायुद्धाच्या त्या काळात नौदलाच्या स्त्री-सैनिकांचे प्रशिक्षण याच आवारात चालत असे. गणवेशातील त्या फौजेपुढे गबाळ्या विद्यार्थिनींची उडणारी तारांबळ तिने लिनोलियमच्या ठशांतून रेखाटली. पुढे शब्दांनी तिने जे केले त्याची सुरुवात येथे दिसते. रांगेत, तालात चालणाऱ्यांकडे ती रांगेबाहेर उभी राहून पाहत होती.

आयोवा येथे लेखनाचे शिक्षण घेऊन आणि उत्तरेत काही काळ राहून १९५०–५१ च्या सुमारास ती गावी परतली ती वडिलांचाच आजार घेऊन. उरलेले आयुष्य तिने गावाबाहेर चार मैलांवरील 'अँडलुझिया' नावाच्या शेतवाडीवर आईसमवेत काढले. सकाळी मिस्सा, त्यानंतर दोन-तीन तास लेखन, दुपारी मोर आणि कोंबड्या असा दिनक्रम. १९५५ पासून कुबड्या आल्या. १९५८ मध्ये तिने लुर्डची यात्रा केली. झोपण्यापूर्वी ती संत थॉमस अक्वायनसचे लेखन वाचीत असे. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या नियतकालिकांना दिलासा देणारी आहे : जगभर कीर्ती झाल्यावरही तिने जॉर्जियाच्या धर्मप्रांतीय वृत्तपत्रांसाठी शंभराहून अधिक पुस्तक-परीक्षणे लिहिली. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ती मिलेजव्हिल येथेच निवर्तली.

आता तिच्या कॉलेजकथेकडे वळू. 'अ लेट एन्काउंटर विथ द एनिमी' म्हणजे शत्रूशी उशिरा झालेली गाठ. १९५१ मध्ये या कॉलेजच्या पदवीदान समारंभात एका पदवीधर वृद्धेचा पती म्हणून यादवी युद्धातील एक शतायुषी सैनिक उपस्थित होता. त्या घटनेतून लेखिकेला ही कल्पना सुचली आणि १९५३ मध्ये कथा प्रसिद्ध झाली. कथेतील सॅली पोकर सॅश ही ६२ वर्षांची शिक्षिका आहे. वीस वर्षे प्रत्येक उन्हाळ्यात वर्गांना बसून ती अखेर पदवी घेणार आहे. तिचे आजोबा 'जनरल' सॅश १०४ वर्षांचे आहेत आणि समारंभात ते व्यासपीठावर बसलेले असावेत एवढीच तिची देवापाशी मागणी आहे. आपण कोणत्या कुळातल्या, हे या उपटसुंभ नव्या लोकांना दिसले पाहिजे! खरे तर आजोबा जनरल नव्हतेच. एका चित्रपटाच्या उद्घाटनाच्या वेळी सिनेमावाल्यांनी तो गणवेश त्यांच्या अंगावर चढवला होता. त्यांना ना युद्ध आठवते, ना बायको, ना मुलगा. त्यांना आवडतात त्या सुंदर पोरींनी भरलेल्या मिरवणुका. काळ्या झग्यांतील पदवीधरांची रांग त्यांना मुळीच रुचत नाही. काळ्या मिरवणुकीत कसली आली गंमत?

आणि नेमके त्या काळ्या मिरवणुकीतच त्यांचा घात होतो. बालवीर पणतूने त्यांना भर उन्हात उभे केलेले असते. व्यासपीठावर वक्ता इतिहासाचे गुणगान करतो आणि म्हाताऱ्याच्या मस्तकात जणू भोक पडून त्यातून विसरलेल्या लढायांची नावे, आईचा चेहरा, बायकोचे डोळे एकेक करून आत घुसू लागतात. त्या शब्दांपासून तो पळू पाहतो, पण वाट नसते. नात पदवी घेऊन ताठ मानेने परतते तेव्हा गणवेशातले ते शव डोळे उघडे ठेवून खुर्चीवर बसलेले असते. आणि पणतू त्याची चाकांची खुर्ची ढकलीत कोका-कोलाच्या यंत्रापुढील रांगेत नेऊन उभी करतो.

पहिल्या वाचनात ही कथा क्रूर थट्टा वाटते. आम्हालाही वाटली. परंतु थट्टा कोणाची आहे हे नीट पाहावे. लेखिका म्हाताऱ्या सैनिकाला हसत नाही. ज्या गावाने आपला खरा इतिहास, म्हणजे गुलामगिरी, पराभव आणि पाप, विसरून केवळ त्याचा गणवेश जपला, त्या गावाकडे तिचे बोट आहे. खऱ्या आठवणीत पश्चात्ताप असतो. पापनिवेदनाला जाण्यापूर्वी सदसद्विवेकाची तपासणी करावी असे आपल्याला लहानपणी शिकवले गेले, त्यामागचे तत्त्व हेच. जनरल सॅशने ती तपासणी १०४ वर्षे टाळली. मरणाच्या क्षणी ती त्याच्यावर चालून आली. त्याने कधी न ओळखलेला शत्रू म्हणजे त्याचे स्वतःचे आयुष्य होते. कॅथलिक शब्द एकही न वापरता लेखिकेने येथे अंतिम न्यायाचे चित्र काढले आहे, आणि तेही आपल्याच कॉलेजच्या व्यासपीठावर.

गावावर लिहिलेली तिची दुसरी कथा, 'द पार्ट्रिज फेस्टिव्हल', आमच्या मते इतकी साधलेली नाही. मे १९५३ मध्ये मिलेजव्हिल आपला दीडशेवा वाढदिवस साजरा करीत असताना गावातील एका सावकाराने दोन वकिलांना गोळ्या घालून आत्महत्या केली. कथेत उत्सव फुलांचा होतो आणि खुनी जिवंत राहून वेड्यांच्या इस्पितळात जातो. कॅल्हून आणि मेरी एलिझाबेथ हे दोन शिकलेले तरुण गावाच्या ढोंगाविरुद्धचा हुतात्मा समजून त्याला भेटावयास जातात, आणि त्यांना भेटतो तो एक लंपट, बीभत्स म्हातारा. गावाचे ढोंग खरे, पण म्हणून गावाचा शत्रू संत ठरत नाही, हा विचार मोलाचा आहे. मात्र ते दोन तरुण लेखिकेच्या हातातील बाहुल्यांसारखे वाटतात. त्यांना धडा शिकवण्याची तिला घाई झाली आहे. १९६१ मध्ये एका कॅथलिक नियतकालिकात आलेली ही कथा तिच्या मरणोत्तर संग्रहात घेतली गेली नाही, याचे आम्हाला नवल वाटत नाही.

शिकलेल्यांना धडा शिकवण्याची ही खोड तिच्या अनेक कथांत आहे. 'गुड कंट्री पीपल' मधील हल्गा तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेऊन आली आहे. कशावरच विश्वास नाही असा तिचा अभिमान. आपण एका भोळ्या बायबल-विक्रेत्याला मोहात पाडीत आहोत असे तिला वाटते आणि तोच तिचा लाकडी पाय पळवतो. 'एव्हरीथिंग दॅट रायझेस मस्ट कन्व्हर्ज' मधील पदवीधर ज्युलियन आईच्या वर्णद्वेषाची लाज बाळगतो. परंतु त्याच्या पुरोगामीपणात प्रेमाचा अंश नाही, आईला टोचण्याचा आनंद मात्र आहे. बसमध्ये आपल्यासारखीच टोपी घातलेल्या एका काळ्या स्त्रीच्या मुलाला आई उपकारादाखल पैसा देऊ जाते, त्या मुलाची आई संतापून तिला थोबाडते, आणि पदपथावर कोसळलेल्या आईला पाहून ज्युलियन प्रथमच लहान मुलासारखी हाक मारतो. यावरून कोणी असे समजेल की लेखिका शिक्षणाच्या विरुद्ध होती. अक्वायनस वाचणारी बाई शिक्षणाविरुद्ध कशी असेल? ज्या शिक्षणाने माणूस स्वतःच्या घराला तुच्छ लेखू लागतो आणि त्यालाच ज्ञान समजतो, त्या शिक्षणाची तिला चीड होती. आपल्या धर्मग्रामांतील पहिली पदवीधर पिढी ज्यांनी पाहिली आहे, कॉलेजात गेलेल्या मुलाला आईच्या बोलीची लाज वाटू लागलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ज्युलियन परका वाटणार नाही.

कृपेचे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. त्यासाठी 'अ टेंपल ऑफ द होली घोस्ट' वाचावी. कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या दोन थिल्लर मुली आपल्या शिक्षिका-भगिनींनी सांगितलेले, देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे वचन चेष्टेवारी नेतात. त्यांची बारा वर्षांची दूरच्या नात्यातली बहीण मात्र ते मनावर घेते. जत्रेतील एका तंबूत पैसे घेऊन दाखवल्या जाणाऱ्या, धड स्त्री नाही व धड पुरुष नाही अशा माणसाची हकीकत तिला कळते. देवाने मला असे केले आहे आणि मी त्याच्याशी भांडत नाही, असे तो माणूस प्रेक्षकांना सांगत असतो. पुढे कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये पवित्र संस्काराच्या आशीर्वादाच्या वेळी धर्मगुरू ख्रिस्तशरीर उंच धरतात तेव्हा त्या मुलीला तो जत्रेतला माणूस आठवतो. जगाने हसण्यासाठी मांडलेला देह आणि वेदीवर मांडलेला देह तिच्या मनात शेजारी येतात. परतताना मावळता सूर्य तिला रक्तात भिजलेल्या ख्रिस्तप्रसादासारखा दिसतो. येथे प्रवचन नाही. एका खोडकर, गर्विष्ठ मुलीच्या मनात उघडलेले दार तेवढे आहे.

'द डिस्प्लेस्ड पर्सन' मध्ये हेच दार बंद होताना दिसते. १९५३ मध्ये अँडलुझियावरही एक पोलिश निर्वासित कुटुंब कामास आले होते. कथेतील पोलिश कॅथलिक गिझॅक अतिशय कामसू आहे, आणि हीच त्याची चूक ठरते. जुन्या नोकरांना तो नकोसा होतो. मालकिणीला तो हवा असतो तो केवळ नफ्यासाठी. युरोपातील छावणीत अडकलेल्या आपल्या नात्यातल्या बहिणीला सोडवण्यासाठी तो तिचे लग्न एका काळ्या मजुराशी ठरवू पाहतो, तेव्हा मालकिणीची भूतदया आटते. ट्रॅक्टर घरंगळू लागतो. तिघे पाहत असतात आणि कोणीही ओरडून सावध करीत नाही. वृद्ध फादर आधी मोराचा फुललेला पिसारा पाहून ख्रिस्ताच्या रूपांतराची आठवण काढतात आणि मालकीण त्यांना वेड्यात काढते. अखेरीस नोकरचाकर, प्रकृती, सारे गमावलेल्या त्या बाईकडे फिरकणारे तेच एकटे उरतात. आठवड्यातून एकदा येऊन मोरांना पावाचे तुकडे टाकतात आणि तिच्या उशाशी बसून ख्रिस्तसभेची शिकवण समजावतात. आम्ही वाचलेल्या कथांतील सर्वांत साधे, सर्वांत चिवट धर्मगुरू हेच.

येथवर आम्ही लेखिकेची बाजू मांडली. परंतु समीक्षकाने तिच्यावरील आक्षेपाला बगल देणे योग्य नव्हे. ओ'कॉनरच्या कथा वर्णद्वेषाला उघडे पाडतात. तिची खासगी पत्रे मात्र त्याच द्वेषाच्या खुणा दाखवतात. काळ्या लोकांविषयीचे हलके विनोद त्यांत आहेत. १९५९ मध्ये थोर काळे लेखक जेम्स बॉल्डविन यांना मिलेजव्हिलला भेटण्यास तिने नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये चालेल, पण आपल्या गावात तेथलेच रिवाज पाळावे लागतात, असा तिचा पवित्रा होता. २०२० मध्ये या पत्रांवर मोठा वाद झाला आणि मेरीलंडमधील लोयोला या जेझुइट विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून तेथे थिआ बोमन या काळ्या फ्रान्सिस्कन व्रतस्थ भगिनीचे नाव दिले.

हा निर्णय योग्य की अयोग्य याची चर्चा आम्ही करीत नाही. आम्हाला अधिक बोलके वाटते ते ॲलिस वॉकर या काळ्या लेखिकेचे १९७५ मधील निवेदन. तिच्या लहानपणी, १९५२ मध्ये, तिचे मजूर कुटुंब अँडलुझियापासून जवळच, त्याच रस्त्याला राहत होते. वीस-बावीस वर्षांनी ती आईला घेऊन तेथे गेली. ओ'कॉनरचे घर रिकामे असूनही नीट राखलेले होते. वॉकर कुटुंबाच्या खोपटाची मात्र कुजून पडझड झालेली होती. दोघी लेखिका, एकच रस्ता. वॉकर ओ'कॉनरचे ऋण मान्य करते आणि तरीही दारातला तो भेद पाहून आलेला संताप लपवीत नाही. वाचकाने हे दोन्ही मनात धरावे, असे आम्हाला वाटते. लेखिका आपल्या गावाच्या पापातून मुक्त नव्हती. तिचा मोठेपणा असेल तर तो एवढाच की आपल्या कथांत तिने स्वतःला त्या न्यायातून वगळले नाही.

याचा पुरावा म्हणजे 'रेव्हलेशन'. मृत्यूच्या वर्षी, १९६४ मध्ये, प्रसिद्ध झालेली ही कथा. रुबी टर्पिन ही नीटनेटकी, चर्चला जाणारी, परोपकारी शेतकरीण. झोप येईना की ती मनात माणसांची उतरंड रचते : तळाशी काळे लोक, त्यांच्या शेजारी गोरे गबाळे, त्यांच्यावर घरवाले, त्यांच्यावर घर-जमीनवाले, म्हणजे ती स्वतः आणि तिचा क्लॉड. देवाने आपल्याला यांच्यातले कोणी केले नाही याबद्दल ती देवाचे आभार मानते. शुभवर्तमानातील मंदिरात उभा राहिलेला परुशी येथे कोणाला आठवणार नाही? डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात हे आभार ती मोठ्याने मानते तेव्हा मेरी ग्रेस नावाची, उत्तरेच्या कॉलेजात शिकणारी कुरूप मुलगी पुस्तक फेकून तिचा डोळा सुजवते आणि तिला नरकातले रानडुक्कर म्हणते. मुलीचे आडनाव कळत नाही, नाव मात्र 'ग्रेस', म्हणजे कृपा. घाव घालणारी ही कृपा आहे.

संध्याकाळी डुकरांचा गोठा धुताना रुबी देवाला जाब विचारते. मावळतीच्या प्रकाशात तिला आभाळाकडे जाणारी एक प्रचंड मिरवणूक दिसते. सर्वांत पुढे ज्यांना तिने आयुष्यभर तळाशी ठेवले ते लोक : गबाळे, काळे, वेडे, अपंग, टाळ्या पिटीत, उड्या मारीत. सर्वांत मागे तिच्यासारखी माणसे, नेहमीप्रमाणे शिस्तीत, सुरात गाणारी. पण त्यांच्या चेहऱ्यांवर धक्का आहे, कारण त्यांचे सद्गुणही त्या आगीत जळून चालले आहेत. १९५३ मधील काळ्या झग्यांची मिरवणूक आणि १९६४ मधील ही मिरवणूक शेजारी ठेवून पाहावी. पहिली गावाने ठरवलेली, दुसरी देवाने. पहिलीत गणवेश मिरवत नेलेले प्रेत आहे; दुसरीत सारे गणवेश उतरलेले आहेत. वेड्यांच्या इस्पितळातील रोगी आणि कॉलेजच्या स्वयंपाकघरातील बाया येथे पुढे आहेत, कॉलेजच्या अध्यक्षांसारखी माणसे मागे. मिलेजव्हिलची सारी रचना उलटी झाली आहे. आणि मागच्या रांगेत, सुरात गाणाऱ्या जमीनदार गोऱ्या ख्रिस्ती लोकांत, लेखिकेचे स्वतःचे घराणेही आहे. हे तिला ठाऊक होते, याबद्दल आम्हाला शंका नाही.

आपणही मिरवणुका काढतो. ख्रिस्तराजाच्या सणाला, मतमाउलीच्या यात्रेला आपण रांगेने चालतो. पालखीला खांदा कोण देणार, कोणत्या आळीचा बँड पुढे, कोणत्या समाजाची माणसे मागे, यावरून आपल्या धर्मग्रामांतही रुसवेफुगवे झालेले आहेत. बाप्तिस्मा एक, वेदी एक. तरी सोयरीक जुळवताना आपण कोणती उतरंड मनात रचतो, हे ज्याचे त्याने आठवावे. रुबी टर्पिनला शोधण्यासाठी जॉर्जियाला जाण्याची गरज नाही.

आपल्या लेखकांनाही यातून काही घेण्यासारखे आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण सिद्ध केले तेव्हा परदेशी माणूस असून त्यांनी इथल्या मातीची भाषा आणि इथलाच छंद घेतला. ओ'कॉनरनेही जवळचेच घेतले : आपल्या कॉलेजचा समारंभ, आपल्या गावचा उत्सव, आपल्या आईची शेतवाडी. आमच्याकडे येणाऱ्या अनेक कथांत गाव दिसत नाही. फादर सर्वच प्रेमळ असतात, भांडणे प्रार्थनेने मिटतात, जमिनीच्या वाटणीवरून बोलणे सोडलेले भाऊ, विकासकाला विकलेली बागायत, दुसऱ्या समाजात लग्न केलेल्या मुलीला बंद झालेले घर यांचा मागमूस नसतो. अशा कथा वाचकाला दुखवीत नाहीत. त्यामुळे त्या त्याला काही दाखवीतही नाहीत. कृपेची गरज ज्याला भासत नाही त्या पात्राला लेखकाने दिलेली कृपा ही मिठाईसारखी वाटली जाते.

आज मिलेजव्हिलच्या त्या कॉलेजने लेखिकेला जवळ केले आहे. तिची हस्तलिखिते तेथील ग्रंथालयात आहेत. २०१७ मध्ये अँडलुझियाही कॉलेजच्या स्वाधीन झाले आणि २०२२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. ज्या कॉलेजच्या व्यासपीठावर तिने एक प्रेत बसवून ठेवले, त्याच कॉलेजने तिचे घर जपावे, हे त्या संस्थेला शोभणारे आहे. गावातील पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये, जेथे ती सकाळच्या मिस्सेला आईबरोबर बसत असे, तेथे मिस्सेची रांग पूर्वीसारखीच ख्रिस्तशरीर घेण्यासाठी वेदीकडे जाते. त्या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण याला काही अर्थ नसतो. पुढल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये त्या रांगेत उभे राहिल्यावर वाचकांनी क्षणभर आपल्या पुढच्या आणि मागच्या माणसाकडे पाहावे, आणि घरी आल्यावर 'रेव्हलेशन' मिळवून वाचावी, एवढीच आमची विनंती.